दळवी साहेबांचा टिळा

दळवी साहेब नव्या माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याचं बोअर, म्हणजे बंदुकीच्या नळीचं माप, ठरवायचे. ऑफिसात कोणी रुजू झालं की खुर्चीतून न उठता त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचे, दोन प्रश्न विचारायचे आणि निकाल देऊन मोकळे व्हायचे. माझं पहिल्याच दिवशी "पॉइंट टू-टू" झालं. "आवाज बारीक, पण लागते बरोब्बर," असं त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, आणि मला मेलीला ते कौतुक वाटलं. एचआरचा इजिप्शियन मॅनेजर म्हणजे "तोफ, पण गंजलेली". बिजू नावाचा केरळी सेल्समन "एअरगन". आणि गोदाम सांभाळणारा हमीद "सिंगल बॅरल", म्हणजे एकनळी, कारण त्याचा डावा डोळा लहानपणापासून अधू होता. जे काही दिसायचं ते उजव्याने. हे नाव इतकं रुळलं की बाहेरचे ड्रायव्हरसुद्धा गोदामाच्या दारातून "सिंगल बॅरल किधर है?" म्हणून ओरडायचे.

आमचा धंदाच तो होता. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, एका बाजूला ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचा कारखाना आणि दुसऱ्या बाजूला बेकरी, अशा जागी आमची शिकारीच्या सामानाची कंपनी. इटलीच्या आणि तुर्कस्तानच्या शॉटगन, रायफली, त्यांच्यावर बसवायच्या दुर्बिणी, अंधारात जनावराच्या अंगाची ऊब टिपणारे कॅमेरे, कातडी पट्टे, पेट्या. गिऱ्हाईक सगळं इथलं, परवानेवालं, हौशी. माल सोडवून आणायचे कागद माझ्याकडे, विक्री दळवी साहेबांकडे आणि बंदुकांच्या खोलीची किल्ली खुद्द मालकाकडे. मालकाला आम्ही सगळे अरबाब म्हणायचो.

नवी पेटी फोडायची तर साहेब आधी हात धुवायचे. अंगठी आणि घड्याळ काढून खणात ठेवायचे, बाह्या दुमडायचे, कारण कफचं बटण घासलं तरी लाकडाला चरा पडतो. मग झाकण उचलायचे आणि काही वेळ नुसते बघत उभे राहायचे. त्या वेळी त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. एकदा इटलीहून एक दुनळी आली होती. अक्रोडाचा दस्ता, पोलादावर कोरलेले तितर, पंखांचं पीस न् पीस वेगळं. मी कागदावरची किंमत वाचली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई गं! पंचेचाळीस हजार दिरहॅम, म्हणजे आपले दहा लाख!"

"मॅडम," साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "देवळात चपलांचा भाव काढू नये."

विकायला बसले की मात्र तोंडात साखर. कंदुरा, म्हणजे पायघोळ अरबी झगा, घातलेला कोणी तरुण नवी दुर्बीण मागायला यायचा आणि जाताना पट्टा, पेटी, तिपाई आणि गालाखाली लावायची गादीसुद्धा घेऊन जायचा. "गरजेची वस्तू माणूस घासाघीस करून घेतो," साहेब सांगायचे. "हौसेची वस्तू घेताना लाजतो. त्याची लाज आपण घालवायची, बस. यल्ला, खलास!" त्यांना स्वतःला हौस होती त्याचं काय, हे कोणी विचारलं नाही. पुण्याला कॉलेजात असताना नेमबाजीत पदकं मिळवलेला माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बंदुका पुसत राहिला. आमच्यासारख्यांना इथे कुठला परवाना? संध्याकाळी अरबाब खोलीला कुलूप लावायचा तेव्हा साहेब हातातलं पिवळं फडकं घडी करून ठेवायचे, आणि पुढचा तासभर ज्याच्या वाटेला जातील त्याचं काही खरं नसायचं.

आम्ही दोघंही शारजाला, अल नहदाला राहायचो. साहेब मला रोज गाडीतून न्यायचे-आणायचे, पेट्रोलचे पैसे पुढे केले तर रागवायचे. माझ्या नवऱ्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा हा माणूस ऑपरेशन संपेपर्यंत हॉस्पिटलच्या खुर्चीत बसून होता, आणि मला बळेच इडली खायला लावली होती. हे मी मुद्दाम सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, राक्षस होता, सोडून द्या. राक्षस असता तर मला एवढा त्रास झाला नसता.

एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. त्यांचा मुलगा ईशान, असेल आठ-नऊ वर्षांचा, पाण्याची प्लॅस्टिकची पिस्तूल घेऊन आला आणि माझ्या नवऱ्यावर रोखून "हँड्स अप, अंकल!" म्हणाला. साहेब उठले आणि त्याच्या मुस्काटात अशी ठेवून दिली की वहिनींच्या हातातला डाव खाली पडला.

"खेळण्यातली असली तरी माणसावर धरायची नाही. कधीच नाही. काय सांगितलंय?"

"बट डॅड, इट्स ओन्ली वॉटर," पोरगं रडत म्हणालं.

"माणसावर धरायची नाही!"

माझ्या नवऱ्याला ते फार आवडलं. येताना लिफ्टमध्ये म्हणाला, शिस्त पाहिलीस? पण ऑफिसात काय चालायचं ते मला माहीत होतं.

ऑफिसात त्यांनी कानावर लावायचे इलेक्ट्रॉनिक मफ मागवले होते. नवाच प्रकार. बार उडाला की आवाज बंद करतात, पण बारीकसारीक आवाज मोठे करून ऐकवतात, म्हणजे शिकाऱ्याला पाचोळ्यातली सळसळ कळावी. साहेब ते "टेस्टिंगसाठी" डोक्यावर चढवून रॅकांच्या मागे उभे राहायचे. एकदा बिजू गोदामाच्या कोपऱ्यात फोनवर बायकोशी कुजबुजत होता. ती मुलाला घेऊन माहेरी निघून गेली होती, आणि हा तिला हिंदी-इंग्रजी मिसळून विनवत होता, कारण ती उत्तरेकडची. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी साहेबांनी ते सगळं बिजूसमोर करून दाखवलं. आवाज तोच, रडवेपणा तोच. "प्लीज, बेबी, वन चान्स." लोक हसले. बिजू पण हसला. काय करणार बिचारा? हसला नसता तर उद्या पुन्हा झालं असतं.

पण साहेबांचं लाडकं गिऱ्हाईक हमीद. हमीद रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचा, पन्नाशीचा, बोलका, चहाबाज. सुट्टीवरून आला की सोड्यांची पुडी माझ्या टेबलावर ठेवणार आणि जावयाच्या बोटीचं कौतुक ऐकवणार. कित्येक वर्षं एकटा राहून त्याने नुकतीच बायकोला इकडे आणली होती. शारजाला एक खोली घेतली होती, आणि त्या खोलीला पडदे कुठल्या रंगाचे लावावेत हेसुद्धा त्याने मला विचारलं होतं. त्याचं काम साधं पण डोळ्यात तेल घालून करायचं. प्रत्येक बंदुकीवर नंबर कोरलेला असतो. तो कागदावरच्या नंबराशी ताडून बघायचा. एक आकडा चुकला तर पोलीस तपासणीत कंपनीची धडगत नाही. त्या कामावर त्याचा व्हिसा, आणि त्याच्या व्हिसावर बायकोचा.

नवी दुर्बीण आली की साहेब ती उचलून गोदामाच्या टोकाकडे बघत ओरडायचे, "हमीद, उभा राहा रे!" आणि हमीद हातातलं काम टाकून समोरच्या भिंतीशी उभा राहायचा. दुर्बिणीला बंदूक नसायची. साहेब नुसती काच डोळ्याला लावून त्याच्या कपाळावर नेम धरायचे आणि तोंडाने बार काढायचे. नळीत घालून नेम जुळवायचे छोटे लेझर आले तेव्हा तर मजाच झाली. लाल ठिपका हमीदच्या भुवयांमध्ये आणून साहेब म्हणायचे, "हा बघा, हमीदला टिळा लावला! आता घरी बायको घेते का बघ." हमीद डोळे गच्च मिटून, दात दाखवत उभा. सगळं गोदाम खो-खो हसायचं. मला किळस यायची, पण हमीदला मी तसं म्हटलं तर तोच उलट मला समजवायला लागला.

"जाऊ द्या हो ताई. साहेब दुसऱ्या कोणाला उभं करतात काय? माझ्यावर जीव हाय त्यांचा."

एकदा गाडीत मी साहेबांना सरळ विचारलं. म्हटलं, ईशानला पाण्याच्या पिस्तुलासाठी मारलंत आणि हमीदवर रोज नेम धरता, हे कसं काय?

ते मनापासून हसले. "मॅडम, नळी नाही तर बंदूक नाही. बंदूक नाही तर नियम नाही. नुसता उजेड तो. भाजतोय थोडाच!"

"आणि टिळा?"

"अहो, गंमत कळत नाही तुम्हाला. त्याला विचारा, त्याला आवडतं."

आणि खरंच, हमीद तेच म्हणत होता.

साहेब दरवर्षी गोदामात खंडेनवमी करायचे. बंदुका कुलपात, त्यांना हात लावायचा नाही, म्हणून पूजेला दुर्बिणी, सुऱ्या, पट्टे, नवा आलेला सगळा माल. पांढऱ्या कापडावर तो मांडायचा, आणि धातूला हळदीकुंकू लागून डाग पडू नये म्हणून प्रत्येक वस्तूपुढे टिश्यू पेपरचा चौकोन ठेवून त्यावर कुंकू वाहायचं. झेंडू आणायला बर दुबईला कोण जाणार? हमीद. माळा ओवणार कोण? हमीद. अरबाब पेढ्याची पेटी घेऊन खुशीत निघून जायचा आणि मग पूजा व्हायची.

त्या वर्षी हिरवा लेझर नवा आला होता. बॅटरीएवढा जाड, काळाभोर. दूरवरचं जनावर रात्री सोबत्याला दाखवायचं तर हा मारायचा. साहेब आठवडाभर त्याच्यावर फिदा होते. आरती झाली, आणि साहेबांनी तो कापडावरून उचलला.

"चला, नव्या मालाचं उद्घाटन. हमीद, उभा राहा. आज हिरवा टिळा!"

हमीद पेढ्यांचं ताट घेऊन भिंतीशी गेला आणि सवयीने डोळे मिटले. साहेबांनी आपला फोन बिजूकडे दिला होता, आपल्या शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकायचा म्हणून. मी म्हटलं, "साहेब, ह्याच्यावर काहीतरी वॉर्निंग लिहिलीय, राहू द्या." त्यांनी ऐकलंही नाही.

"डोळे उघड रे. व्हिडिओत मेलेला दिसतोयस."

सगळे हसले. हमीदने हसत हसत डोळे उघडले. हिरवा ठिपका कपाळावर आला, आणि हसताना साहेबांचा हात हलला. झालं ते एवढंच. हमीदच्या तोंडून "हा" असा आवाज निघाला आणि त्याने मान फिरवली, पण लोक हसत होते म्हणून तोही हसला. मग तो पेढे वाटायला लागला. माझ्यापाशी आला आणि त्याने माझ्या तळहाताच्या शेजारी, हवेत, पेढा सोडला. पेढा जमिनीवर पडला. तो खाली बघत राहिला.

"हमीदभाई, काय दिसतंय?"

"कडेचं सगळं दिसतंय ताई. मधी तुमचं तोंडच नाय."

माझा नवरा त्याला डॉक्टरकडे घेऊन गेला. उजव्या, चांगल्या डोळ्याच्या पडद्याच्या ऐन मध्यावर भाजलं होतं. डॉक्टर म्हणाले, थोडं भरेल कदाचित, पण पूर्ण नाही. कामावर झालं असेल तर कंपनीने लिहून द्यावं, म्हणजे उपचार आणि भरपाई दोन्ही मिळेल. दुसऱ्या दिवशी गाडीत मी साहेबांना हे सांगितलं. त्यांनी गाडी कडेला घेतली. चेहरा पांढरा पडला होता, खोटं कशाला बोलू? वाटलं, आता हा माणूस रडेल.

"मॅडम, अरबाबला कळलं तर मी संपलो. पोलीस केस होईल. ईशानची शाळा, घराचं भाडं... मी हमीदचं बघतो. आय प्रॉमिस. इन्शाल्ला सगळं नीट होईल."

"मग अरबाबला खरं सांगा आणि बघा," मी म्हटलं.

त्यांनी गाडी पुन्हा चालू केली. त्या दिवसानंतर मी त्यांच्या गाडीत बसले नाही, बसचे धक्के खात गेले.

अरबाबला मीच सांगितलं. सगळं, अगदी "डोळे उघड" पर्यंत. अरबाब शांत माणूस, त्याने साहेबांना आणि हमीदला बोलावलं, दार लावून घेतलं आणि त्याच्या मोडक्या हिंदीत हमीदला विचारलं, "सच बोलो. कौन किया?"

साहेब उभे होते. हात मागे बांधलेले. हमीदकडे न बघता मराठीत, अगदी मऊ आवाजात म्हणाले, "सांग हमीद. घाबरू नकोस. काय झालं ते सांग."

हमीदने तोंड थोडं वळवलं, कडेच्या नजरेने साहेब दिसावेत म्हणून. आणि म्हणाला, "मैं खुद देख रहा था, अरबाब. नया माल था. मेरी गलती."

मला एवढा संताप आला की मी तिथेच ओरडले. "हमीदभाई, वेड लागलंय का? माझ्या डोळ्यांदेखत झालंय ते!" बिजूला बोलावलं. बिजू खाली बघत म्हणाला, मी फोनकडे बघत होतो, मला नीट माहीत नाही. व्हिडिओ तर कधीच पुसला गेला होता. अरबाब माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "मॅडम, वो खुद बोलता है. मैं क्या करूँ?"

बाहेर मी हमीदला धरलं. तो म्हणाला, "साहेब घरी आले होते ताई. मिठाई घेऊन. बायकोसमोर हात जोडले. बोलले, पॅकिंगला ठेवतो, पगार तोच, व्हिसा तोच. मी खरं बोललो तर साहेब जेलात जातील, मग मला आंधळ्याला ठेवील कोण?"

त्या हिशेबात त्याची चूक नव्हती. चूक माणूस ओळखण्यात होती. तीसुद्धा त्याची एकट्याची नाही, माझ्या नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलात बसलेला हाच माणूस बघून मीही फसले होते.

पॅकिंगचं काम त्याला दिलं, नाही असं नाही. थोडे दिवस. मग एकदा अरबाब गोदामात फेरी मारत असताना साहेबांनी टेबलावरून एक दुर्बीण उचलली आणि हमीदला म्हणाले, "ह्याच्यावरचा नंबर वाच बरं." हमीदने वस्तू डोळ्याच्या डाव्या अंगाला धरली, उजव्या अंगाला धरली, वर धरली. पहिले दोन आकडे वाचले, शेवटचा वाचला. मधले त्याला सापडेनात. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. साहेब मध्ये बोलले नाहीत, घाई केली नाही, गिऱ्हाइकाला देतात तेवढा वेळ दिला. मग अरबाबकडे वळून अरबीत काहीतरी सांगितलं, हळहळत. सुरक्षेचा प्रश्न आहे, एवढंच मला कळलं.

हमीद आणि त्याची बायको महिनाअखेर गेले. मी विमानतळावर गेले होते. बायकोने त्याचा हात धरला होता, आणि तो तिला विमानतळ दाखवत होता, कुठे काय आहे ते, सगळं आठवणीतून. साहेब आले नव्हते. मीही पुढे ती नोकरी सोडली, एका औषधांच्या कंपनीत कागदच बघते. तिथे निदान कोणी माझं बोअर ठरवत नाही.

दळवी साहेब शेवटचे दिसले ते अबुधाबीला, शिकारीच्या सामानाच्या प्रदर्शनात. माझ्या नवऱ्याच्या कंपनीचा तिथे स्टॉल होता म्हणून गेले होते. बहिरी ससाणे, उंटांची खोगिरं, कार्बनच्या नळ्यांच्या नव्या रायफली, आणि सगळीकडे कौतुकाने वस्तू हाताळणारी माणसं. साहेबांचा स्टॉल सगळ्यात गजबजलेला. ते जाड झाले होते, नवा कोट होता. काचेच्या कपाटात तोच हिरवा लेझर, नवं मॉडेल, आणि शेजारी डबीत, त्याच्या उजेडापासून डोळे वाचवणारे, नारिंगी काचांचे दोन चष्मे. लेझरबरोबर ते पेटीत येतातच, आधीही येत होते, असं त्यांनीच समोरच्या गिऱ्हाइकाला सांगितलं. एक चष्मा त्यांनी स्वतः घातला आणि दुसरा त्या तरुणाला द्यायला उचलला. मला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"अरे, पॉइंट टू-टू! किती दिवसांनी! तुमच्या वहिनी आठवण काढतात."

"हमीदचा फोन होता परवा," मी म्हटलं. मला त्यांना दुखवायचं होतं, दुसरं काही नाही.

ते खरोखरच दुखावले होते. "मॅडम, तुम्हीच सांगा त्याला. मी ईदला एवढा मोठा मेसेज केला. त्याच्यासाठी काय नाही केलं मी? साधा रिप्लाय नाही. माणसाने एवढं मनात ठेवावं?"

"त्याला वाचता येत नाही, साहेब. मेसेज दिसत नाही त्याला."

"बायको आहे ना वाचायला," ते म्हणाले, आणि गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा नीट बसवू लागले. कानामागची दांडी दोन बोटांनी हलकेच दाबून त्यांनी वाकून बघितलं, कडेने कुठून उजेड आत येत नाही ना.